नारळाचं दुसरं भकल

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. ओल्या खोबऱ्याला बुरशीचा किंचित वास आला की पुरतं. इथे पंजाबात, मोहालीजवळच्या खरडला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, सूनबाई फ्रिजमधलं जुनं खोबरं टाकायला काढते आणि माझं वर्तमानपत्रातलं लक्ष उडतं. ती म्हणते, "बाबा, परत तेच आठवलं?" तेच.

नाव कुणाचंही घेणार नाही. माणसं हयात आहेत आणि आता एकमेकांशी बोलतातही.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना मी दक्षिण कोकणातल्या एका किनारी पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. आमच्या हद्दीत एक खाजण होतं. समुद्राचं खारं आणि ओढ्याचं गोडं पाणी जिथे एकत्र अडून राहतं, असं उथळ, लांबट सरोवर. पावसाळा संपला की समुद्र त्याच्या तोंडाशी वाळूचा बांध घालतो. त्याला तिथे दांडा म्हणतात. दांडा पडला की आतलं पाणी थांबतं आणि त्या थांबलेल्या पाण्यात कालवं, तिसऱ्या, चिंबोऱ्या, माशांची पिल्लं वाढतात. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाने तिथे बांबूचे तराफे सोडले होते. तराफ्याखाली दोर आणि दोरांवर कालवं. सगळ्या वाडीची चूल त्यावर चालायची म्हटलं तरी चालेल.

शिमग्याच्या आधी, ठरलेल्या दिवशी, सगळी वाडी फावडी घेऊन जाते आणि दांडा फोडते. पहिलं फावडं मारायचा मान एका घराचा. त्या घरातला कर्ता पुरुष नारळ फोडतो, गाऱ्हाणं घालतो, फावडं मारतो. मग बाकीचे.

त्या वर्षी दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. त्याच मानकरी घरातला धाकटा मुलगा मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करत होता आणि विषय होता हेच खाजण. त्याने गटाला सांगितलं, दांडा नेहमीपेक्षा थोडा उशिरा फोडा, पिल्लं मोठी होऊ द्या, कालवं भरू द्या. बायकांना ते पटलं. एवढंच नाही, तर त्यांनी असंही ठरवलं की या वर्षी पहिलं फावडं त्यानेच मारायचं. शिमग्याला तो गावी येणारच होता.

दुसरी गोष्ट म्हणजे एका कोळंबी-तलाववाल्याने ग्रामपंचायतीपुढे अर्ज टाकला होता. त्याला खाजण भाड्याने हवं होतं, बांध घालून तलाव करायला. निम्मं गाव त्याच्या बाजूने होतं, निम्मं थांबलं होतं ते या मुलाच्या शब्दावर. खाजण राखलं तर गावाला जास्त मिळेल, हा त्याचा शब्द. निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता.

आणि ग्रामसभेच्या आधीच कुणीतरी दांडा फोडला.

सगळी वाडी खाडीपलीकडे एका लग्नाला जेवायला गेली होती. संध्याकाळी परत येतात तो ओहोटीबरोबर पाणी निघून गेलेलं, तराफे चिखलात कलंडलेले, कालवं उन्हात तोंडं वासून पडलेली. गटाची प्रमुख बाय चिखलाच्या पायांनीच ठाण्यात आली.

"सायब, माझी कालवा मेली ता मेली. पण आता लोक म्हणतत, त्या पोरान थांबूक सांगितल्यान म्हणान ह्या झाला. तेचो शब्द गेलो तर खाजान गेलां. तुमी ग्रामसभेआधी माणूस शोधा."

मी अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. आगळीक, म्हणजे मुद्दाम केलेलं नुकसान. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन घटनास्थळ पंचनामा केला. वाळूत फावड्याचे वार स्पष्ट होते. यंत्राची खूण नव्हती. आणि कापाच्या वरच्या अंगाला नारळाचं एक भकल, म्हणजे फोडलेला अर्धा नारळ, वाळूत नीट टेकवून ठेवलेलं, वर हळदकुंकू.

मी म्हटलं, "हे जप्त करा."

माझे हवालदार जुने, तोंडाचे फटकळ. म्हणाले, "साहेब, किनाऱ्यावर नारळाच्या भकलांना काय तोटा? मुद्देमालात घालून कोर्टात चटणी वाटायची काय?"

"हळदकुंकू समुद्र लावत नाही, हवालदार. पिशवी आणा."

आधी अर्थातच तलाववाल्याकडे वळलो. तो आणि त्याची माणसं लग्नाच्या पंगतीत होती, वाढप्यापासून वराच्या मामापर्यंत सगळे सांगत होते. शिवाय त्याला करायचंच असतं तर त्याने यंत्र आणलं असतं, हळदकुंकू नव्हे. तपास अडला.

तेव्हा मानकरी घरातला थोरला भाऊ आपण होऊन ठाण्यात आला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. खरी खबर द्यायला येणारा माणूस आधी काय झालं ते सांगतो आणि नाव शेवटी, तेही अडखळत. हा आला आणि खुर्चीत टेकायच्या आत नाव घेतलं. सख्ख्या भावाचं.

"सायबानू, माजो भाव तो. पण खरा काय ता सांगूक व्हया. तेना माणसा लावून फोडून घेतल्यान. तेका खारा पाणी आत कसा येता ता मोजूचा होता, पुस्तकासाठी. आत यंत्र ठेवलेला असा तेचा, बघा तुमी."

यंत्र खरोखरच होतं. पाण्यातला खार मोजणारी एक नळी, खुंट्याला बांधलेली. मला ते पटलं. आता लपवायचं कशाला, मला ते पटावंसंही वाटलं. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात राहून परीक्षा दिल्या, तिथून फौजदार झालो. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कमी करून सांगणार नाही. पण हा मुलगा माझ्यासारख्याच घरातला आणि थेट शास्त्रज्ञ. गावात माझं नाव निघालं की लोक सांभाळून बसतात, त्याचं निघालं की चेहरे उजळतात. हेवा वाटला. वाटला तर वाटला.

पोलीस अधीक्षकांची परवानगी घेतली आणि चंदीगडला निघालो.

थंडी अशी की हाडात शिरावी. मोहालीचे रस्ते बघून पहिला राग आला तो रस्त्यांचा. एवढे रुंद, एवढे सरळ, आणि कडेने झाडं शिस्तीत उभी, जणू परेडला. आमच्या ठाण्याकडे यायला जीप दोनदा मागे घ्यावी लागायची. नियमाप्रमाणे आधी तिथल्या ठाण्यात हजर झालो, डायरीत आमची आमद, म्हणजे आल्याची नोंद, करायला. तिथल्या लेखनिकाने, मुन्शीजींनी, कागद वाचला, चष्मा वर केला.

"सर जी, समुंदर दा केस? इत्थे?"

"हो जी."

"साडे कोल ते बस सुखना है जी. ओहदे विच कौन दरवाज़ा खोल गया?" सुखना म्हणजे चंदीगडचं तळं, असं सांगून स्वतःच हसले आणि त्यांनी चहा मागवला. दुधाचा चहा, तोही पेला भरून. आमच्या ठाण्यात पाहुण्याला अर्धा कप मिळतो. त्यांचाही हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

मुलाला नोटीस आधीच गेली होती. त्याने वसतिगृहाच्या खोलीतच बोलावलं. उंच, बारीक, आईच्या हातचा स्वेटर घातलेला. खोली त्याची एकट्याची. टेबल, हीटर, खिडकीतून दिसणारं धुकं. मी बर्फाच्या लाद्यांवर पुस्तक ठेवून वाचलेलं मला आठवलं आणि माझा आवाज आपोआप चढला.

"यंत्र तुझं?"

"हो सर."

"दांडा फुटल्यावर तुला काय फायदा?"

"काहीच नाही सर. उलट सगळं बिघडलं. खाजण बंद असतानाचेच आकडे मला हवे होते. आता यंत्रात नुसता समुद्र येणार. एक वर्ष गेलं माझं."

"मग तुझा भाऊ खोटं बोलतो?"

त्यावर तो गप्प. अगदी गप्प. आरोपी गप्प होतात ते मी शेकड्यांनी पाहिलेत. भीतीने गप्प होणारा खाली बघतो, हिशोब करत गप्प होणारा वर. हा बाजूला बघत होता. भिंतीवरच्या फळीकडे.

मग म्हणाला, "दादाने सांगितलं?"

"स्वतः ठाण्यात येऊन."

"मग तसंच असेल सर. मीच केलं. लिहा."

माझ्या पेनाला घाई झाली होती, पण बी.ए.चा एक फायदा असतो, प्रश्न विचारायची खोड लागते. "कुणाकरवी केलंस? माणसं कोण?"

"आहेत दोघं. नावं आठवत नाहीत."

"पैसे कसे दिलेस? रोख की मोबाइलवरून?"

"रोख... म्हणजे नंतर देणार होतो."

"आणि तिथे नारळ कुणी ठेवला?"

"नारळ?" त्याने मान झटकन वर केली. मी मोबाइलवर पंचनाम्याचा फोटो दाखवला. वाळू, भकल, हळदकुंकू. तो फोटो बघितला आणि त्याने डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले ते परत त्या फळीकडे.

आता मीही फळी नीट पाहिली. तिच्यावर करवंट्या होत्या. अर्ध्या अर्ध्या करवंट्यांची रांग, वाळलेल्या, काळ्या पडलेल्या, आणि शेवटच्या टोकाला एक भकल, अजून आतलं खोबरं शाबूत. खोबऱ्यावर हिरवट बुरशी. वास येत होता तो त्याचा होता. इतका वेळ मला वाटत होतं थंडीत खोली बंद ठेवल्याचा.

"हे काय आहे?"

त्याने स्वेटरची बाही मनगटावर ओढली.

"मी विचारतोय, हे काय आहे?"

"दादा पाठवतो. दर वर्षी." आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "आमच्या घरची रीत आहे सर. दांडा फोडताना नारळाचं एक भकल दांड्यावर ठेवतात, दुसरं घरातल्या सगळ्यात धाकट्याला देतात. मी लहान होतो तेव्हा दादा हातात द्यायचा. इकडे आल्यापासून कुरियरने पाठवतो. दुकानदार हसतात त्याला. तरी पाठवतो."

"आणि हे शेवटचं कधी आलं?"

"दांडा फुटल्यावर."

या वर्षी त्या घराने दांडा फोडलाच नव्हता. ठरलेला दिवस अजून यायचा होता. मग कुठला नारळ, आणि कुठलं दुसरं भकल?

"पार्सल उघडलंस तेव्हाच तुला कळलं."

"हो सर."

"तरी कबुली देत होतास."

"वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडली, सर. माझ्यापेक्षा हुशार होता तो. होडी त्याने घेतली म्हणून मी इथे आहे. मान तेवढा एक त्याच्याकडे राहिला होता. या वर्षी लोकांनी तोही मला दिला आणि मी नाही म्हणालो नाही. मला छान वाटलं. म्हटलं, घरचाच तर आहे."

"आणि खाजण? तुझ्या नावावर हे बसलं तर तुझ्या शब्दाला गावात कोण विचारील? बायका तुझ्या भरवशावर थांबल्या आहेत."

त्याने तोंड ओंजळीत झाकलं. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला सगळी वाडी. कुठलंही निवडलं तरी तो चुकणार होता. म्हणून मी त्याला निवडू दिलं नाही. वसतिगृहाचे व्यवस्थापक आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक यांना पंच म्हणून बोलावलं, भकल जप्त केलं, सील केलं, जबाब जसा झाला तसा लिहून सही घेतली. रक्षक पंजाबी, साठीचा. सही करताना म्हणाला, "साब जी, नारियल दी वी गिरफ़्तारी?" मी म्हटलं, "मुख्य साक्षीदार आहे, जी."

परतीच्या गाडीत सगळा डबा माझ्या पिशवीकडे नाक वळवून बसला होता. एका बाईंनी विचारलं, "भाईसाब, कुछ खराब तो नहीं हो गया?" मी खिडकीकडे तोंड केलं. खराब बरंच काही झालं होतं.

ठाण्यात आल्यावर थोरल्याला बोलावलं. पंचांसमोर आधी वाळूतलं भकल टेबलावर ठेवलं, मग मोहालीचं. दोन्ही एकमेकांना लावली. फुटीची वाकडीतिकडी कड एकीत एक अशी बसली की मधून नखही जाऊ नये. हवालदार, ज्यांना चटणी वाटायची होती, ते टोपी काढून उभे राहिले.

थोरला खुर्चीतून अर्धा उठला.

मी विचारलं, "चोरून फोडायचा होता दांडा. मग नारळ कशाला?"

तो माझ्याकडे असं बघायला लागला की प्रश्नच वेडा आहे. "नारळ दिल्याशिवाय दांड्याक हात लावूक जमता काय सायबानू?"

"बरं. पण दुसरं भकल? ज्याच्यावर खोटं नाव टाकायचं त्यालाच पाठवलंस?"

"ता तेचा असा." त्याने मोहालीच्या भकलावर बोट ठेवलं. "फोडलंय मी. पण अर्धा तेचा. ता मी कसा ठेवू?"

"आणि खोटं नाव?"

"ता येगळा." मग म्हणाला, "सगळी वाडी 'तो येतलो, तो फोडतलो' करी. माझ्या हातात फावडा, आणि माझ्याकडे कोण बघी नाय. म्हटलं, ह्या वर्षी तरी दांडो माझोच. मग पाणी जाताना बघितलंय नि फावडा टाकून पळालंय. तराफे पडले ते माझ्याच चुलत भावजयीचे होते, सायबानू."

मग घाबरून त्याने खापर भावावर फोडलं. एवढी साधी गोष्ट होती. मला ती आधीच दिसायला हवी होती असं म्हणणार नाही. उलट, दिसली ती का दिसली ते मला ठाऊक आहे. मोहालीच्या त्या खोलीत मी जे घेऊन बसलो होतो, नेमकं तेच या माणसाच्या तोंडावर होतं. आरशात बघावं तसं. लोभ, राग, भीती यांची चेहरेपट्टी पोलिसाला शिकवतात. हेव्याची कुणी शिकवत नाही, ती ज्याच्या घरची असते त्यालाच ओळखू येते.

जामीनपात्र गुन्हा होता, त्याला जामीन मिळाला. दोषारोपपत्र मी रीतसर दाखल केलं.

ग्रामसभा त्याच आठवड्यात होती. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. तलाववाल्याच्या बाजूचा एकजण उठला आणि सुरू झाला, "ज्याच्या शब्दावर थांबलात त्यानेच तर..." बायने माझ्याकडे पाहिलं. तपासात काय आढळलं ते सांगायला मी उठणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून थोरला उठला. सगळ्या माना मागे वळल्या.

"दांडो मी फोडलंय," तो म्हणाला. "तेचो काय संबंध नाय. तेना सांगलेला सगळा खरा होता. खरा होता म्हणानच माका सोसला नाय. आता मेलेली कालवा तुमी बघितल्यात. पाणी थांबला तर काय होता नि गेला तर काय होता, ता माझ्यापेक्षा बरा कोण सांगतलो? खाजान देव नका."

तलाववाल्याचा अर्ज त्या दिवशी फेटाळला गेला. शास्त्रज्ञाच्या शब्दाने जे निम्म्या गावालाच पटलं होतं, ते गुन्हेगाराच्या शब्दाने सगळ्या गावाला पटलं. हेही मी नोकरीत शिकलो नव्हतो.

पुढे गटाच्या बायकांनी न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण आपसात मिटवलं. अट त्यांचीच होती. थोरल्याने सगळे तराफे स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून द्यायचे. तो बांबू कापत असताना बाय काठावर कंबरेवर हात ठेवून उभी. तो म्हणाला, "आणि मान?" ती म्हणाली, "मान? तुमी दोघा भावांनी खेचाखेची करून फाडलात तो. आता आमी शिवून घेतलो. पहिला फावडा आमचा. तू तिसऱ्या रांगेत रव, नि वाळू नीट टाक."

तो हसला म्हणे. मी पाहिलं नाही, हवालदारांनी सांगितलं.

या तपासाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. पाणी आणि किनारा राखायचा तर कायदा लागतो, शास्त्र लागतं, हे बरोबरच आहे. पण किनाऱ्यावरची माणसं तिथल्या मानपानाला जिवापाड जपतात, आणि मान कुणाच्या हातून काढून कुणाला देताना सगळ्यांसमोर विचारून द्यावा लागतो. नाहीतर बाहेरचा तलाववाला यायच्या आत घरचाच माणूस दांडा फोडतो.

निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी मी इकडे आलो. नातू मराठी समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. आणि तो खाजणावर संशोधन करणारा मुलगा आता मोहालीतच शिकवतो. अधूनमधून येतो. मला सर म्हणायचा, आता काका म्हणतो.

या वर्षीही आला, कुरियरचं खोकं घेऊन. दांडा आता बायका फोडतात, पण दुसरं भकल बाय थोरल्याच्या हातात देते आणि तोच ते पाठवतो.

"काका, वास मारतोय. बाहेर ठेवू का?"

"आत आण."

त्याने ते टीपॉयवर ठेवलं. आम्ही दोघं बघत बसलो. मग मनात आलं ते बोलून टाकलं. "तुझ्या खोलीचा, तुझ्या डिग्रीचा हेवा मला त्या दिवशी वाटला होता. तो कधीच गेला. फळीवरच्या त्या रांगेचा मात्र अजून वाटतो."

त्याने भकल माझ्याकडे सरकवलं. "हे तुम्ही ठेवा, काका. या वर्षीचं. दादाला मी सांगतो."

मी ते उचललं, हुंगलं आणि पुन्हा त्याच्या बाजूला सरकवलं. "घेऊन जा. ज्याच्यासाठी फोडला त्याच्याच घरी राहू दे. दुसऱ्याच्या वाट्याचं हातात आलं म्हणून हेवा मिटत नाही. तुझ्या दादाला विचार हवं तर."

तो गेला. खोलीत संध्याकाळपर्यंत वास होता. सूनबाईला म्हटलं, खिडकी राहू दे बंद.